ट्रेल्स कुठून सुरू करायची: प्रकल्पाच्या नोंदी

२ नोव्हेंबर २०२५

प्रकल्प असा आहे की एक पान बनवायचंय, मराठीत, वर प्रश्न "ट्रेल्स कुठून सुरू करू?" आणि खाली उत्तर. बस एवढंच. अट एकच घातलीये, "तुझ्या आवडीवर आहे" हे वाक्य त्या पानावर येणार नाही. विचारणाऱ्याला स्वतःची आवड कळायला आधी खेळायला लागतं, आणि खेळायला कुठून लागायचं हेच तर तो विचारतोय ना.

ट्रेल्स म्हणजे निहोन फालकॉम या जपानी कंपनीची रोल प्लेइंग व्हिडिओ गेमची सिरीज. पहिला भाग २००४ चा. तेव्हापासून गोष्ट एकच चालू आहे, एकाच खंडावर, त्याच जगात, मागच्या गेममधली माणसं पुढच्या गेममध्ये वय वाढून भेटतात. फायनल फँटसीत कुठलाही नंबर उचलून बसलं तरी चालतं कारण तिथे बहुतेक वेळा प्रत्येक नंबराचं जगच नवीन असतं. इथे तसं नाही, म्हणून प्रश्नाला वजन आहे.

नुसतं माझं मत लिहायचं नाही असं ठरवलंय, माणसं बसवून बघायची. चौघं तयार झालेत. (स्काय, कोल्ड स्टील, डेब्रेक ही याच सिरीजमधल्या गेमची नावं, नकाशा पुढे काढतोच.) मामेभाऊ, इंजिनिअरिंगला आहे, साधा लॅपटॉप, ग्राफिक्स कार्ड नाही, त्याला जुना स्काय. ताई, गेम खेळत नाही पण पुस्तकं फडशा पाडल्यासारखी वाचते, जिजाजींनी दुबईहून पोरासाठी आणलेला स्विच, निंटेंडोचं गेम खेळायचं मशीन, घरात पडून असतो, तिला स्कायचा नवा रिमेक. ऑफिसमधला मित्र, पर्सोना या दुसऱ्या जपानी सिरीजचे सगळे भाग संपवलेला, त्याला कोल्ड स्टील. आणि मित्राची बायको, म्हणजे वहिनी, त्यांनी स्वतःहूनच सांगितलं की मला सगळ्यात नवीन दिसणारा द्या, म्हणून त्यांना डेब्रेक. प्लेस्टेशन फाईव्ह एकच आहे आणि माणसं दोन, तो त्यांच्या घरचा प्रश्न.

८ नोव्हेंबर

आज नकाशा काढला. वहीतच, कारण कॉम्प्युटरवर काढायला घेतलं की मी रंग निवडण्यात रात्र घालवतो.

आधी गाळणी लावली. "द लेजंड ऑफ हीरोज" हे नाव बघून लोक १९८९ पर्यंत मागे जातात, कारण त्या नावाचा पहिला गेम १९८९ चा आहे. ते सोडा. आधीचे पाच भाग वेगळ्या जगांतले आहेत, ट्रेल्स सहाव्यापासून. नायुता म्हणून एक आहे २०१२ चा, नावात ट्रेल्स आहे पण त्याचंही जग वेगळं, ॲक्शन गेम आहे, कधीही खेळा नाहीतर नका खेळू.

उरतात ते असे. लिबर्ल राज्य: स्कायचे तीन, २००४, २००६, २००७. क्रॉसबेल नावाचं चिमुकलं राज्य, दोन दांडग्या देशांच्या मधे चेपलेलं: झिरो २०१० आणि अझूर २०११. एरेबोनिया साम्राज्य: कोल्ड स्टीलचे चार, २०१३ ते २०१८. मग रेव्हरी २०२०, तो जोडपूल. मग कॅल्वार्ड प्रजासत्ताक: डेब्रेक २०२१, डेब्रेक टू २०२२, आणि बियाँड द होरायझन, जपानमध्ये २०२४ ला आलाय आणि इंग्रजीत येत्या जानेवारीत येतोय. एकूण तेरा. ही सगळी जपानी सालं आहेत, इंग्रजीचा घोळ वेगळा, त्याची वेगळी नोंद करणारे.

एक गोष्ट मांडताना मजा वाटली. स्कायचा पहिला भाग त्यांच्या पंचांगात १२०२ साली घडतो आणि डेब्रेक १२०८ ला. म्हणजे आपल्याकडे सतरा वर्षं गेली तेव्हा त्यांच्याकडे सहाच. त्यामुळे माणसं म्हातारी होत नाहीत, फक्त पोरं मोठी होतात. स्कायमध्ये अकराबारा वर्षांची असलेली पोरं डेब्रेकच्या वेळी कॉलेजच्या वयाची. हे ज्याने क्रमाने पाहिलं त्याला जे वाटतं ते सारांश वाचून येत नाही, आणि माझा सगळा मुद्दा शेवटी इथेच येऊन टेकणार आहे असं दिसतंय.

१६ नोव्हेंबर

हा प्रश्न इतका चिघळला का, ते आज नीट लिहून काढलं. उत्तर गोष्टीत नाहीये, उत्तर इंग्रजी भाषांतराच्या उशिरात आहे.

स्कायचा पहिला भाग इंग्रजीत २०११ ला आला, पीएसपीवर, सोनीच्या हातात धरायच्या मशीनवर, म्हणजे पीएसपी आटपत आला होता तेव्हा. आणि तो भाग संपतो तो असा कडेलोटावर आणून सोडतो, कारण मुळात ही एकच गोष्ट होती, फार मोठी झाली म्हणून दोन गेम केले. पुढचा भाग इंग्रजीत कधी? २०१५ च्या ऑक्टोबरात. चार वर्षं लोक त्या शेवटावर लटकत राहिले. आणि मग लगेच डिसेंबरात कोल्ड स्टील आला. म्हणजे मधले क्रॉसबेलचे दोन गेम अख्खे उडी मारून पार. स्काय द थर्ड तर २०१७ ला, म्हणजे कोल्ड स्टीलचे दोन भाग येऊन गेल्यावर.

क्रॉसबेलची भाषांतरं आधी चाहत्यांनीच केली, जिओफ्रंट नावाच्या गटाने, झिरो २०२० ला, अझूर २०२१ ला. काम इतकं चोख की नंतर एनआयएस अमेरिका या प्रकाशक कंपनीने अधिकृत आवृत्ती काढताना तेच भाषांतर आधाराला घेतलं. अधिकृत झिरो २०२२ ला आला आणि अझूर २०२३ ला. जपानी लोकांनी २०१० ला खेळलेला गेम इंग्रजीवाल्यांच्या हातात बारा वर्षांनी.

आता यातून काय झालं बघा. २०१६-१७ ला कोणी विचारलं की कुठून सुरू करू, तर सांगणारा बिचारा काय सांगणार, "कोल्ड स्टीलपासून कर, क्रॉसबेलचा सारांश वाच". तेव्हा ते बरोबरच होतं कारण क्रॉसबेल मिळतच नव्हतं. पण तोच सल्ला आजही फिरतोय, तेच जुने बाणबाणांचे तक्ते फिरतायत, ज्यात कोल्ड स्टीलला हिरवा बाण आणि क्रॉसबेलला तुटक रेघ. कारण संपलं पण सल्ला उरला. आज सगळे तेरा भाग इंग्रजीत आहेत किंवा दोन महिन्यांत असतील, त्यामुळे ते तक्ते कपाटात टाकायला हरकत नाही.

पानावर ही कहाणी घ्यायची नाही. नव्या माणसाला इतिहास नको असतो. पण एक ओळ घालेन की जुने तक्ते बघू नकोस.

२३ नोव्हेंबर

मामेभावाचा पहिला रिपोर्ट. "दादा, यात काहीच होत नाहीये आणि मी थांबत पण नाहीये."

यापेक्षा चांगलं वर्णन मी करू शकत नाही पण प्रयत्न करतो. स्कायच्या पहिल्या भागात एस्टेल नावाची सोळा वर्षांची मुलगी आणि तिच्या घरात वाढलेला जोशुआ, दोघं शिकाऊ ब्रेसर. ब्रेसर म्हणजे गिल्ड नावाच्या संघटनेची माणसं, लोकांची कामं करतात, राक्षस मारण्यापासून हरवलेलं मांजर शोधण्यापर्यंत, आणि सरकारच्या भांडणात पडायचं नाही असा नियम. पूर्ण ब्रेसर व्हायला पाच शहरांच्या शाखांमधून शिफारस मिळवायची, रोलेंट, बोस, रुआन, झाइस, ग्रँसेल, म्हणून दोघं अख्खं राज्य पायी फिरतात. जगाला वाचवायची भाषा कित्येक तास कोणी काढतच नाही. दहा वर्षांपूर्वी शेजारच्या साम्राज्याने केलेलं शंभर दिवसांचं युद्ध मात्र प्रत्येक गावात कुठे ना कुठे आहे, कोणाच्या घरात, कोणाच्या बोलण्यात.

आणि खरी गंमत गावकऱ्यांची. बाकीच्या गेममध्ये गावातला माणूस एक वाक्य बोलतो आणि जन्मभर तेच बोलतो. इथे गोष्ट एक पाऊल पुढे सरकली की अख्ख्या गावाचे संवाद बदलतात, सगळ्यांचे, बाजारातल्या बाईपासून विमानतळावरच्या कामगारापर्यंत, त्यामुळे तुम्ही परत फिरून बोललात तर कळतं की त्या दोघांचं भांडण मिटलं, याचा माल आला, तिचा नवरा अजून आला नाही. अँटन म्हणून एक प्रेमात सतत आपटणारा माणूस आहे तो तर देश बदलून पुढच्या गेमांतही आपटताना भेटतो, आणि तो दिसला की मला नायकापेक्षा जास्त आनंद होतो. बोलायची सक्ती कोणीच करत नाही. पण ज्याला परत जाऊन बोलावंसं वाटत नाही त्याच्यासाठी ही सिरीज नाही, आणि हे त्याला पहिल्या आठदहा तासांतच कळतं. म्हणजे स्काय चाळणीचं कामही करतो, तेराव्या भागाचे पैसे वाया जाण्याआधी.

लढाईबद्दल मामेभाऊ खूश आहे. पाळीपाळीची लढाई, बाजूला पाळ्यांची रांग दिसते, काही पाळ्यांवर बक्षीस असतं, कुठे जोरदार फटका, कुठे जखम भरणं, आणि शत्रूची ती पाळी आपण मधेच एस-ब्रेक, म्हणजे पाळी नसताना मारायचा खास फटका, टाकून पळवायची. त्याला हे कोणी सांगितलं नाही, आपोआप सापडलं आणि मग रात्री दीड वाजता मला फोन. ऑर्बमेंटचं पण सांगायला हवं, म्हणजे जादू करायचं छोटं यंत्र, त्यात खड्यांसारखे क्वार्ट्झ बसवायचे, एका रेषेवर कुठली तत्त्वं किती जमली त्यावरून जादू ठरते, नुसता क्वार्ट्झ बसवला की जादू मिळाली असं नाही, बेरीज लावावी लागते. पोरगा कॅल्क्युलेटर घेऊन बसलाय, अभ्यासाला कधी बसला नाही एवढा.

तांत्रिक नोंद: जुन्या लॅपटॉपवर मक्खन चालतो. टर्बो मोड आहे, गेम पळवायला, तो चालण्याफिरण्याला लावायचा. संवादांना आवाज नाही, वाचायला लागतं. आणि रिकामी पेटी परत उघडून बघायची, इंग्रजी भाषांतरवाल्यांनी तिथे प्रत्येक पेटीला वेगळा पाचकळ विनोद लिहून ठेवलाय, काय रिकामटेकडे आणि काय थोर लोक.

३० नोव्हेंबर

ताई. रिमेक याच वर्षी सप्टेंबरात आला, १९ तारखेला, जगभर एकदम. त्यासाठी फालकॉमला शंभर गुण, चार वर्षं लटकवायचे दिवस गेले. गोष्ट तीच आहे पण सगळं नव्याने बांधलंय, कॅमेरा पाठीमागून, गावं खरंच फिरता येतील अशी, आणि लढाई दोन प्रकारची, उभ्याउभ्या धोपटा नाहीतर बटण दाबून पाळीपाळीत जा. ताई सगळंच पाळीपाळीत खेळते, तिला घाई आवडत नाही.

तिचं म्हणणं, "अरे हे तर वाचण्यासारखं आहे, तू मला गेम आहे म्हणून का सांगितलंस?" आता यावर काय बोलणार. ती गावात शिरली की प्रत्येक घराचं दार उघडते, प्रत्येकाशी बोलते, मग गोष्ट सरकवते, मग परत सगळ्यांशी. भाचा वैतागलाय कारण त्याचा स्विच गेला.

एक अडचण मात्र तिच्यामुळे लक्षात आली आणि ती मोठी आहे. स्विचवर रिमेकचा पहिला भाग संपला की पुढे काय? जुना दुसरा भाग इंग्रजीत स्विचवर नाहीच. रिमेकचा दुसरा भाग २०२६ मध्ये येणार असं जाहीर झालंय, पण पहिल्याचा तो शेवट बघून कोण थांबेल. आज बसून सगळ्या मशीनची तपासणी केली:

पीसीवर सगळे, तेराच्या तेरा, इंग्रजीत (तेरावा जानेवारीत). प्लेस्टेशन फोर-फाईव्हवर रिमेक आहे (हा फक्त फाईव्हवर), झिरोपासून पुढचं सगळं आहे, पण स्कायचा दुसरा आणि तिसरा नाही. स्विचवर तेही नाहीत आणि वर कोल्ड स्टीलचे पहिले दोन इंग्रजीत नाहीत. म्हणजे अख्खी गोष्ट न तुटता खेळायची तर आजच्या तारखेला पीसी हे एकच घर आहे. "कुठून सुरू करू" च्या आधी "कशावर खेळणारेस" हे विचारायला पाहिजे, आणि याबद्दल तक्तेवाले कोणी अवाक्षर काढत नाहीत.

बरं पीसी म्हणजे भारी पीसी नाही. स्कायचे जुने तीन कुठल्याही ऑफिसच्या लॅपटॉपवर चालतात.

१२ डिसेंबर

मित्र, कोल्ड स्टील. मी ठरवून त्याला काही सांगितलं नव्हतं.

त्याला आवडतोय आणि जोरात आवडतोय. लष्करी शाळा, सरदारांची पोरं आणि सामान्यांची पोरं एका वर्गात कोंबलेली, दर महिन्याला एक सुट्टीचा दिवस ज्यात कोणाबरोबर वेळ घालवायचा ते आपण निवडायचं, मग कुठल्यातरी प्रांतात अभ्यासदौरा. पर्सोना खेळलेल्याला हे सगळं ओळखीचं. त्याचं म्हणणं, "अरे मला कुठे काही अडत नाहीये, तू उगाच बाऊ करतोस."

अडत नाही हे खरं आहे. अडत नाही म्हणूनच हे दार मला धोक्याचं वाटतं. न कळलेली गोष्ट माणसाला टोचते, पण निसटलेली गोष्ट टोचत नाही कारण ती निसटली हेच कळत नाही. उदाहरण देतो, नाव न घेता. स्कायमध्ये एक पात्र आहे, आपण त्याला एका रूपात ओळखतो, त्याच्यावर हसतो, वैतागतो, तासन्‌तास त्याच्याबरोबर फिरतो, आणि मग हळूच कळतं की हा माणूस नेमका कोण आहे. हा सगळा प्रवास मालिकेतल्या सगळ्यात मजेशीर गोष्टींपैकी एक. कोल्ड स्टीलमध्ये तोच माणूस पहिल्याच भागात खऱ्या नावाने, खऱ्या पदाने, व्यवस्थित कपडे घालून येतो. मी मुद्दाम त्या दिवशी मित्राच्या घरी होतो. तो प्रसंग आला. मित्राने बटण दाबलं, पुढे गेला. "हा कोण रे?" "कोणी नाही, खेळ तू."

आणि हे पहिल्या भागात. कोल्ड स्टील वन-टू आणि क्रॉसबेलचे दोन गेम साधारण एकाच काळात घडतात, १२०४ साली, सीमेच्या अलीकडे पलीकडे. टूच्या शेवटी तर थेट क्रॉसबेलची माणसं समोर येतात. थ्रीपासून मागच्या सगळ्या गेमची माणसं गोळा व्हायला लागतात आणि फोर म्हणजे मेळावाच. तिथे मागचं न खेळता बसणं म्हणजे अनोळखी घरच्या लग्नात जेवायला बसणं, जेवण भारी आहे पण कोण कोणाचा मामा, कोण कोणाशी बोलत नाही, कोणाला बघून कोण रडलं, काही पत्ता नाही.

निर्णय: कोल्ड स्टीलचं दार पानावरून बंद. गेम चांगला आहे म्हणूनच बंद.

मित्राला हे सांगितल्यावर तो म्हणाला की मी तरी हाच खेळणार. खेळ बाबा.

२१ डिसेंबर

वहिनींनी माझी पंचाईत केलीये.

डेब्रेक सगळ्यात जास्त त्यांनाच आवडलाय. चौघांत. व्हॅन नावाचा नायक आहे, चोविशीतला, कॅल्वार्डच्या राजधानीत, ईडिथमध्ये, जुन्या वस्तीत ऑफिस टाकून बसलेला, पोलिसांकडे आणि गिल्डकडे न्यायच्या लायकीची नसलेली कामं घेतो, कायद्याच्या इकडेही नाही आणि तिकडेही नाही. गोड खायचं वेड, गाडीचं वेड. एक शाळकरी मुलगी काम घेऊन येते आणि तिथून सुरुवात. शाळेतली पोरं, मैत्रीची भाषणं, यातलं फार नाही, शहर आहे, गुन्हेगारी टोळ्या आहेत, स्थलांतरितांचे प्रश्न आहेत. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, हा एकटाच मोठ्या माणसांचा गेम वाटतो तुमच्या यादीत." दिसायलाही छान आहे, लढाई धावताना मारामारी आणि मग पाळीपाळीत, दोन्ही.

आणि नवीन देश, नवीन माणसं, त्यामुळे मागचं माहीत नसलं तरी मूळ गोष्ट पूर्ण कळते. कोल्ड स्टील थ्रीसारखं ओझं नाही. मग हे दार उघडं का नको?

मी हे कागदावर दोन्ही बाजूंनी मांडत बसलो होतो तेवढ्यात त्यांचाच दुसरा मेसेज आला. काम घेऊन येणाऱ्या त्या मुलीच्या शाळेत विद्यार्थी परिषदेची अध्यक्ष असलेली आणखी एक मुलगी आहे, हुशार, जरा अतीच शांत. वहिनी लिहितात, "हिच्या मागे काहीतरी मोठं आहे, गेम मला सांगत नाहीये, पण गेममधल्या बाकीच्यांना माहितीये."

बरोबर पकडलं. त्या मुलीची गोष्ट स्कायच्या दुसऱ्या भागात सुरू होते, तिसऱ्यात एका दरवाज्याआड अशी काही कळते की मी गेम बंद करून बाहेर फिरून आलो होतो, आणि झिरोमध्ये तिचं एक वर्तुळ पूर्ण होतं. त्यानंतर डेब्रेकमध्ये ती शाळेचा गणवेश घालून कॉरिडॉरमध्ये उभी दिसते. नुसती उभी. ज्याने मागचं खेळलंय त्याला त्या एका दृश्याचे सगळे पैसे वसूल. वहिनींना एक गूढ मुलगी दिसली, तेही वाईट नाही, पण ते नुसतं गूढ आहे.

शिवाय डेब्रेक एरेबोनियातल्या मोठ्या प्रकरणानंतर घडतो, त्यामुळे ते कसं निपटलं हे पहिल्या अर्ध्या तासातच बातमीसारखं कळतं. नंतर मागे गेलं तर शेवट माहीत असलेलीच गोष्ट.

निर्णय अर्धवट: पानाच्या पुढच्या बाजूला एकच उत्तर. डेब्रेक मागच्या बाजूला, "स्काय खरंच जमला नाही, गावात फिरायचा कंटाळाच आला, तर हा बघ" एवढ्यापुरता. कोल्ड स्टीलला मागची बाजूही नाही. मित्र चिडणार आहे.

४ जानेवारी २०२६

स्काय द थर्ड गाळायचा का यावर मामेभावाशी वाद. त्याने कुठेतरी वाचलं की तो ऐच्छिक आहे. त्याचा पहिला भाग संपलाय, तो शेवट बघून "दादा हे काय आहे" एवढाच मेसेज, आणि त्याच रात्री दुसरा सुरू केला. पहिल्याचं सेव्ह दुसऱ्यात नेता येतं, ते त्याने केलं. रिमेकचं सेव्ह जुन्या दुसऱ्यात नाही जात, हे पानावर लिहायचं, लोक विचारतील.

थर्डबद्दल: गावं नाहीत, प्रवास नाही, एका विचित्र जागेत अडकलेली माणसं आणि बंद दारं, प्रत्येक दाराआड कोणाची तरी छोटी गोष्ट. नायक केव्हिन, आधी साइडला होता तो. पहिल्या दोन भागांच्या प्रेमात पडलेल्याला हा आधी कोरडा वाटतो, मलाही सुरुवातीला जड गेला. पण पुढच्या दहा गेमची बी-बियाणं त्या दारांमागे पेरलेली आहेत, साम्राज्यात काय शिजतंय, गोष्टीतल्या एका गुप्त संघटनेला काय हवंय, आणि वहिनींनी डेब्रेकमध्ये हेरलेल्या त्या मुलीचं. ऐच्छिक म्हणणाऱ्यांनी तो २०१७ च्या आधी मिळत नव्हता म्हणून म्हटलं असणार, परत तेच भाषांतराचं भूत.

थर्ड गाळायचा नाही.

१८ जानेवारी

होरायझन इंग्रजीत आला. अपेक्षेप्रमाणे ओळखीतल्या दोघांनी विचारलं, "हा नवीन आलाय ना, यापासून करू का?" हा तेरावा भाग आहे, त्यातही मागच्या भागांतली माणसं एकत्र येतात, यापासून करू नका. पानावर घालायची पण गरज नाही असं वाटत होतं पण घालतो.

ताईचा रिमेक संपला. ती आता चिडलेली आहे, माझ्यावर, फालकॉमवर, जोशुआवर. दुसरा भाग स्विचवर नाही म्हटल्यावर जिजाजींच्या जुन्या ऑफिस लॅपटॉपवर मामेभावाने येऊन जुना दुसरा टाकून दिला. मला भीती होती की सुंदर रिमेकनंतर ते बारके ठिपक्यांचे बाहुले बघून ती सोडेल. सोडला नाही. "माणसं तीच आहेत ना," म्हणाली. आवाज नाहीत याचं मात्र तिला बरं वाटलं, तिच्या वेगाने वाचता येतं.

यावरून रिमेक की जुना हा पोटप्रश्न सुटला. लॅपटॉप साधा असेल तर जुना, मशीन असेल तर रिमेक, आणि दोन्हीतून पुढे जुना दुसराच, थांबायची ताकद असेल तर नव्या दुसऱ्याची वाट.

१ फेब्रुवारी

पान झालं. मजकूर असा:

"ट्रेल्स कुठून सुरू करू? स्काय, पहिला भाग. पीसीवर खेळ, कारण सगळेच्या सगळे भाग एका ठिकाणी इंग्रजीत फक्त तिथेच मिळतात. साधा लॅपटॉप असेल तर २००४ चा जुना, चांगला असेल तर २०२५ चा रिमेक, गोष्ट तीच आहे. पहिला साधारण चाळीस तासांचा आहे आणि अर्ध्यावर थांबतो, म्हणून पहिला आणि दुसरा मिळून एक गेम समज. दोन्ही सेलमध्येच घे, घाई नाही, पळून जात नाहीत. गोष्ट पुढे सरकली की गावातल्या लोकांशी परत बोल. गिल्डच्या फळ्यावरची कामं मुदतीची असतात, मुदत बघ, पण शंभर टक्के करायच्या नादी लागू नकोस, गाईड उघडून तर अजिबात खेळू नकोस. रोलेंट सोडून बोसमध्ये पोचेपर्यंत मजा आली नाही तर सोडून दे, तुझं काही चुकलं नाही आणि गेमचंही नाही. आवडला तर निघालेल्या क्रमानेच: स्काय तीन, झिरो, अझूर, कोल्ड स्टील चार, रेव्हरी, मग कॅल्वार्ड. तेरा भागांचा हिशोब आत्ता करू नकोस, हे काही वर्षांचं काम आहे आणि मधे बाकीचे गेम खेळायला परवानगी आहे. जुने तक्ते बघू नकोस, ते अर्धे गेम इंग्रजीत नसतानाचे आहेत. आणि पात्रांची नावं नेटवर शोधू नकोस, पहिल्याच ओळीत फुटतं."

मागच्या बाजूला डेब्रेकचा एक परिच्छेद, वहिनींनीच लिहिलाय, माझ्यापेक्षा बरा.

मित्र कोल्ड स्टील टूच्या शेवटाला पोचला. काल फोन. "ती क्रॉसबेलवाली माणसं कोण आहेत? गेम अचानक त्यांच्याकडे का गेला?" मी काही बोललो नाही. त्याने झिरो विकत घेतलाय. त्याला सांगितलं की आधी स्काय कर, तर म्हणे बघू. म्हणजे तो आता उलट्या दिशेने सगळं खेळणार, कोल्ड स्टीलमधून क्रॉसबेल, क्रॉसबेलमधून लिबर्ल.

बाकी कामं: मामेभावाच्या वर्गातल्या तिघांना पान द्यायचंय, त्यातला एक मराठी मीडियमचा आहे आणि इंग्रजी वाचायला वेळ लागतो म्हणाला, त्याला टर्बो संवादांना लावू नको हे वेगळं सांगायचं, आणि नेहमीच्या शब्दांची छोटी यादी करून द्यायची, ब्रेसर, ऑर्बमेंट, सेपिथ म्हणजे क्वार्ट्झ बनवायचे तुकडे, मीरा म्हणजे पैसे, एवढी पुरे. रिमेकचा दुसरा भाग आला की मशीनची ओळ बदलायची.